मुलीनं मुंबईत वीज कंपनी बदलली. आम्हाला गावात बदलता येते का?

शिलाईवाली ताई, दारव्हा तालुका
९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. माझी लेक मालाडला राहते. तिनं दिवाळीच्या आधी घरची वीज एका कंपनीकडून काढून दुसऱ्या कंपनीकडे नेली. बिल दुसऱ्या नावाचं येऊन राहिलं आणि लाईन एक दिवससुद्धा बंद नाही राहिली म्हणते. ती फोनवर सांगत होती तेव्हा मी भाकरी टाकत होती. तव्यावरची करपली तरी मी ऐकतच राहिली.

आमच्या इथं असं करता येते का, हा माझा पहिला प्रश्न. विचारायचं कारण असं, की मागच्या बाजाराच्या दिवशी एक पोरगा टेबल लावून बसला होता. म्हणे खासगी कंपनीची वीज येऊन राहिली, आत्ता नाव नोंदवा, ५०० रुपये भरा, पुढे युनिट तीन रुपयानं पडेल. आमच्या बचत गटातल्या सात बायांनी पैसे दिले. एकीनं तर मोबाईलवरून दिले. मी दिले नाही, पण तेव्हापासून मनात तेच घोळून राहिलं.

दुसरा प्रश्न बिलाचा. मी सगळी बिलं बिस्किटाच्या टिनाच्या डब्यात तारखेनं लावून ठेवते. काल रात्री सगळी काढून पलंगावर मांडली. मागच्या जानेवारीत ७१ युनिट होते आणि बिल सहाशेच्या आसपास. या जानेवारीत ११२ युनिट आणि बिल हजाराच्या घरात. डिसेंबरचंही तसंच, आधी ६६ आणि आता १०५. मागच्या मे महिन्यात दोन कूलर होते तेव्हा २६८ युनिट आले होते, ते मी समजू शकते. हिवाळ्यात आमच्या घरी काय आहे? एक फ्रीज, चार एलईडी, टीव्ही, पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर, आणि माझ्या दोन मशीनी. मुलगा पोलीस भरतीची तयारी करते म्हणून रात्री एक लाईट जास्त जळते, एवढंच. घरचे म्हणतात दर वाढले. वावरातल्या पंपाचं बिल सरकारनं माफ केलं, मग घराच्या दरातून काढत असतील, असंही गावात बोलतात.

तिसरा प्रश्न विचारायला मला थोडी भीती वाटते, पण विचारते. माझ्या घरच्याच पुढच्या खोलीत मोटरचं शिलाई मशीन आणि फॉल-पिकोची मशीन आहे. मीटर घरगुती आहे. जाऊबाई म्हणतात की कोणी पाहिलं तर दुकानाचा दर लागेल, वरून दंड होईल. मी महिन्याला चार-पाच हजाराचं काम करते, लग्नसराईत जास्त. हे चुकीचं होऊन राहिलं का? असेल तर मी स्वतः जाऊन सांगायला तयार आहे, फक्त काय सांगायचं ते समजलं पाहिजे.

---

मूळचा वरुडचा, आता कांदिवली
९ फेब्रुवारी २०२५

ताई, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण मी स्वतः दोनदा बदलली आहे.

मुंबई उपनगरात दोन कंपन्यांकडे एकाच भागाचा परवाना आहे, अदानी आणि टाटा पॉवर. दक्षिण मुंबईत बेस्ट आहे. आणि मुंबईतच मुलुंड-भांडुपकडे तुमच्या-आमच्या गावासारखीच महावितरण आहे. म्हणजे बदलाची मुभा सगळ्या मुंबईला सारखी आहे असंही नाही. ही मुभा कोणी दयेनं दिली नाही. टाटाला घरगुती ग्राहकाला वीज विकता येते का यावर सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला, २००८ मध्ये निकाल लागला, आणि २००९ मध्ये वीज नियामक आयोगानं जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घ्यायला परवानगी दिली. तेव्हा उपनगरात रिलायन्स होती, २०१८ पासून अदानी आहे.

तुमच्या मुलीची लाईन एक दिवसही का गेली नाही, तेही यातच आलं. तार जुन्या कंपनीचीच राहते, वीज नव्या कंपनीची आणि बिलही तिचं. तारेचं भाडं जुन्या कंपनीला जातच असते, ते बिलात वहन आकार म्हणून लागते. मी पहिल्यांदा बदलली तेव्हा फक्त वीज आकाराचा, म्हणजे युनिटमागचा, दर पाहिला, बाकीच्या ओळी पाहिल्याच नाही. चार महिन्यांनी बिलं शेजारी-शेजारी ठेवली तर फरक चाळीस-पन्नास रुपयांचा. लेकीला सांगा, तिच्या वापराच्या युनिटला दोन्ही कंपन्यांचं पूर्ण बिल काढून पाहा, खालची बेरीज पाहा. आणि दर वर्षी पाहा, कारण आयोग दर बदलतो, आज जी स्वस्त आहे ती पुढच्या एप्रिलात महाग असू शकते.

गावात मात्र दुसरी कंपनीच नाही, तर बदलायचं कोणाकडे? त्या पोराला परवाना क्रमांक विचारा. आयोगाच्या परवान्याशिवाय कोणालाच घराला वीज विकता येत नाही. आणि ज्या बाईनं मोबाईलवरून पैसे दिले, तिला आजच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरवर फोन करायला लावा. उद्यावर टाकू नका.

---

तारवाला बापू, पुसद
१० फेब्रुवारी २०२५

ताई, ३१ वर्षं दिग्रस-पुसद पट्ट्यात घरांची वायरिंग केली. आता डोळे साथ देत नाही म्हणून शिडीवर चढत नाही, पण बिल वाचून देण्याचं काम अजून करतो. तुमचा प्रश्न वाचून मी कागद-पेन घेऊनच बसलो.

कांदिवलीच्या भाऊनं बरोबर सांगितलं. त्यात एवढंच जोडतो, की २००३ च्या वीज कायद्यात एका भागात दोन परवाने देता येतात, पण दुसऱ्यानं स्वतःचं तारेचं जाळं उभारायचं असते. आमच्या पट्ट्यात एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत पाच-सात किलोमीटर नुसती पऱ्हाटी आणि तूर. त्या शंभर-दोनशे घरांसाठी दुसरे खांब कोण गाडेल? थेट दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा आहे ती कारखान्यासारख्या मोठ्या ग्राहकाला, घराला नाही. नागपुरात २०११ ते २०१९ काही भागात खासगी फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीनं वीज वाटणारी कंपनी, होती, तेव्हाही लोकांना वाटलं कंपनी बदलली म्हणजे दर बदलतील. दर तेच होते, कारण ते आयोग ठरवतो आणि महावितरणच्या सगळ्या घरगुती ग्राहकांना राज्यभर एकच असतात. गडचिरोलीच्या घराला तोच, कोल्हापूरच्या घराला तोच.

आता बिल. "दर वाढले" हे खरं आहे, पण किती वाढले ते पाहू. घरगुती सिंगल फेजचे आकडे:

जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४ रुपये ४१ पैसे होता. १ एप्रिल २०२४ पासून ४ रुपये ७१ पैसे झाला. वहन आकार दोन्ही वेळी १ रुपया १७ पैसे. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला लागणारी ठरलेली रक्कम, ११६ चा १२८ झाला. १०१ ते ३०० युनिटचा वीज आकार १ एप्रिल २०२४ पासून १० रुपये २९ पैसे झाला. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्या-महिन्याला बदलतो, म्हणून तो मी हिशेबात धरत नाही.

मागच्या जानेवारीचे ७१ युनिट: ७१ गुणिले ५.५८ (वीज आकार आणि वहन आकार मिळून) म्हणजे ३९६, त्यात ११६, वर १६ टक्के. झाले ५९४ रुपये.

हेच ७१ युनिट एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं: ७१ गुणिले ५.८८ म्हणजे ४१७, त्यात १२८, वर १६ टक्के. ६३३ रुपये.

आणि तुमचे ११२ युनिट: पहिल्या शंभराचे ५८८, वरच्या बाराचे ११.४६ नं १३७, स्थिर आकार १२८, वर १६ टक्के. ९९० रुपये.

पाहा ताई. दरवाढीनं तुमचं बिल ३९ रुपयांनी वाढलं. बाकीचे ३५७ रुपये वाढले ते ४१ युनिटांनी. हे ४१ युनिट कुठून आले हाच तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कोणत्याही कंपनीकडे नाही, तुमच्या घरातच आहे. एक लाईट रात्रभर जळली तरी ९ वॉटचा दिवा महिन्याला तीन युनिटसुद्धा खात नाही. पोराला सुखानं अभ्यास करू द्या.

गावात एक गैरसमज मी गंज ऐकतो, तोही इथंच सांगतो. लोक म्हणतात १०० च्या वर एक युनिट गेला की सगळेच युनिट महागड्या दरानं लागतात. नाही. पहिले शंभर पहिल्याच दरानं लागतात, वरचे तेवढे दुसऱ्या दरानं. आणि एखाद्या वेळी रीडिंग दोन महिन्यांचं एकत्र आलं तर टप्पेही दुप्पट धरायचे असतात, म्हणजे पहिले २०० युनिट कमी दरानं. बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब असते, तो एकदा स्वतः जुळवून पाहत जा.

आता हे करा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला ३२०० इम्प किंवा तसाच आकडा छापलेला असेल, म्हणजे तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री सगळे जेवून उठले की घरातलं प्रत्येक बटण बंद करा. फ्रीजचा, टीव्हीचा, मोबाईलचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण नका पाहू. मेन स्विच चालूच ठेवा. मग टॉर्च घेऊन मीटरपुढं पंधरा मिनिटं उभं राहा. दिवा एकदाही लुकलुकायला नको. लुकलुकला तर दोन लुकलुकांच्या मधले सेकंद मोजा आणि मला सांगा. त्यानंतर मेन बंद करून पुन्हा पाहा. मेन बंद असताना लुकलुकत असेल तर दोष मीटरकडे किंवा मीटरच्या मागच्या वायरीत, त्यासाठी मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. मेन बंद केल्यावर थांबत असेल तर दोष घरात.

शिलाईचं उत्तर. घाबरू नका. आयोगाच्या दर आदेशातच लिहिलं आहे, की राहत्या घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. तुमचा सगळ्यात मोठा महिना २६८ चा आहे. तुम्ही कोणाचं काही चोरत नाही. उद्या बाजाराच्या रस्त्यावर वेगळा गाळा घेतला तर तिथं दुकानाचा दर लागेल, ते वेगळं. जाऊबाईंनाही वाचून दाखवा.

पंपाच्या माफीचं म्हणाल तर साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल शासन कंपनीला भरून देते, तशी योजना २०२४ मध्ये आली. तुमचे ४१ युनिट त्यातून आले नाही.

---

कोराडीपासून आठ किलोमीटर
१० फेब्रुवारी २०२५

बापू, तुम्ही कोल्हापूर आणि गडचिरोलीला एकच दर म्हणता, हेच तर माझ्या डोक्यात बसत नाही. कोराडी इथं, खापरखेडा इथं, चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र इथं, पारस इथं. कोळसा आमच्या जमिनीतला. राख आमच्या अंगणात पडते. माझ्या आईनं वाळत घातलेले पांढरे कपडे दोन तासांत करडे होतात. उद्योगांना विदर्भ-मराठवाड्यात वीजदरात सवलत दिली, मग केंद्राच्या सावलीतल्या घरांना का नाही? ताईंच्या प्रश्नापासून मी थोडा दूर गेलो, पण हे कुठंतरी बोललंच पाहिजे.

---

तारवाला बापू, पुसद
१० फेब्रुवारी २०२५

भाऊ, तुमचं म्हणणं मला पटते. हे बोलायची जागा आहे. आयोग दर ठरवायच्या आधी जाहीर सुनावणी घेतो, कोणीही साधा ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो आणि उभा राहून बोलूही शकतो. या दरांची मुदत मार्च २०२५ अखेरपर्यंतच होती, त्यानंतरचे नवे दर सुनावणी घेऊनच ठरतात. तुमच्या आईच्या कपड्यांचं तिथं सांगा, आकड्यांसकट. मी एकदा एका सुनावणीत मागच्या रांगेत बसलो होतो. मोठमोठ्या उद्योगांचे वकील फायली घेऊन बोलले. घरगुती ग्राहक म्हणून बोलणारे मोजून तिघं होते.

---

सौरफिटर, अमरावती
११ फेब्रुवारी २०२५

काकू, मी छतावरच्या सौर पॅनलची कामं करतो, म्हणून माझं बोलणं धंद्याचं समजून ऐका, पण मी तुम्हाला मोठी सिस्टीम विकणार नाही.

गावात कंपनी बदलता येत नाही, पण काही युनिट स्वतः तयार करता येतात. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर ७८,०००. आमच्या उन्हात एक किलोवॉटपासून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास निघतात. सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. कवेलूच्या छतावर मी बसवत नाही, वजन आणि वारा दोन्ही सोसत नाही. स्लॅब असेल तर उत्तम, टिनाखाली लोखंडी कैची मजबूत असेल तर चालते.

आता जे फिटर लोक सहसा सांगत नाही ते ऐका. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशेब ३१ मार्चला मिटतो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या दरानं विकत घेता त्या दरानं नाही. तुमचा हिवाळा ७० युनिटचा आणि उन्हाळा २६८ चा. म्हणजे थंडीत साठवलेले युनिट नेमके कूलर सुरू व्हायच्या तोंडावर मिटून जातात. म्हणून "तीन किलोवॉट घ्या, अनुदान जास्त मिळते" असं कोणी म्हटलं तर घेऊ नका. तुम्हाला एक किलोवॉट पुरते. तेवढ्यानं मे महिन्यातले २६८ पैकी १२० युनिट कमी होतील, आणि ते वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतील. तिथंच खरी बचत आहे. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागते.

आणखी एक. लाईन गेली की बिनबॅटरीची ही सिस्टीमही बंद पडते. लोकांना वाटते सूर्य आहे तर पंखा फिरेल. फिरत नाही. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ती आपोआप बंद व्हावीच लागते.

अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवरच करा, रोख पैसे हातात देऊन नाव नोंदणी नसतेच. आणि सगळ्यात आधी बापूंनी सांगितलेली मीटरची परीक्षा करा. गळक्या घागरीला मोठी विहीर खोदून उपयोग नाही.

---

शिलाईवाली ताई, दारव्हा तालुका
१३ फेब्रुवारी २०२५

बापू, काल रात्री केलं. लुकलुकते.

सगळं बंद केलं, सासूबाईंच्या खोलीतला झिरोचा दिवासुद्धा. मुलानं मोबाईलवर घड्याळ लावलं आणि मी मोजत राहिली. वीस सेकंदाला एकदा. पाच मिनिटं पाहिलं, पंधरा वेळा लुकलुकला. मीटरवर ३२०० छापलेलं आहे. मेन बंद केला तर थांबला, पुन्हा पंधरा मिनिटं पाहिलं, एकदाही नाही.

मुलानं हिशेब केला. तासाला १८० वेळा, म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड युनिट, महिन्याला चाळीस. माझ्या हातापायातली शक्तीच गेली. तेच ४१ युनिट. कोणी वापरत नाही आणि कोणाला दिसत नाही, असं काय आहे माझ्या घरात?

---

तारवाला बापू, पुसद
१३ फेब्रुवारी २०२५

ताई, हे आता पैशाचं राहिलं नाही. चाळीस युनिट म्हणजे जवळजवळ ५६ वॉट रात्रंदिवस कुठंतरी भिंतीत, टिनात नाहीतर जमिनीत उतरून राहिलं. त्याला माणसाचा हात लागला तर जीव जाईल. आजच्या आज शोधा.

डिसेंबरपासून युनिट वाढलेले दिसतात, तर त्याआधीच्या काही महिन्यांत घरात वायरीचं नवीन काय झालं ते आठवा. नवी खोली, बाहेरचा दिवा, गोठा, मोटर, काहीही. तिकडं जाणारी वायर बोर्डातूनच काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कितीतरी ठिकाणी बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर, न टाकता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, टाकलेलं असते, म्हणजे दिवा विझतो पण वायरीत करंट राहतेच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मुलाला हात लावू देऊ नका. आणि गोठ्यात वायर असेल तर काम होईपर्यंत जनावरं बाहेर बांधा.

---

शिलाईवाली ताई, दारव्हा तालुका
२ मार्च २०२५

उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

तुमचं "गोठा" हे वाचलं आणि माझ्या डोळ्यापुढं ते आलंच. पोळ्याच्या आधी यांनी आणि मुलानं मिळून गोठ्यात दिवा घेतला होता. घरातून वायर नेली ती टिनाच्या पत्र्याखालून, लोखंडी खांबाला तारेनं बांधून. म्हैस व्याली होती म्हणून घाई होती. मी तेव्हाच दोन्ही म्हशी बाहेर लिंबाखाली बांधल्या आणि मेन काढून ठेवला. रात्र आम्ही कंदिलावर काढली. सकाळी दारव्ह्याहून वायरमन आला.

त्यानं वायर खांबापासून सोडली तेव्हा मी जवळ होती. बांधायच्या तारेखाली वायरचं काळं कव्हर उंदरांनी कुरतडलेलं होतं, बोटाच्या पेरा एवढं. आतलं तांबं खांबाला टेकून हिरवं पडलं होतं. तोच खांब खाली जमिनीत गाडलेला आहे, आणि त्याच्याच बुडाशी मी रोज म्हशी धुते, तिथली जमीन कधी वाळतच नाही. बटणही तुम्ही म्हटलं तसंच न्यूट्रलवर होतं. दिवा बंद असो की चालू, करंट खांबातून जमिनीत उतरून राहिलं होतं, पोळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

मला एक गोष्ट तेव्हा आठवली आणि मी तिथंच खाली बसली. दिवाळीपासून धाकटी म्हैस त्या खांबाजवळ जात नव्हती. ओढली तरी पाय रोवून उभी राहायची. आम्ही म्हणायचो हट्टी आहे. यांनी एकदा तिला काठीही मारली होती. त्या दिवशी यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि गंज वेळ काही बोललेच नाही.

वायरमननं नवी वायर पीव्हीसी पाईपातून, खांबापासून दूर नेली. बटण फेजवर घेतलं. घराची अर्थिंग पाहिली तर खड्डा कोरडा ठक्क होता, त्यात कोळसा-मीठ टाकून पाणी भरलं. मेनजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप लाईन तोडणारा खटका, बसवला. तो म्हणे हा असता तर पहिल्याच दिवशी खटका पडला असता. सगळं मिळून साडेचार हजार लागले. शिलाईच्या पैशातले दिले.

त्या रात्री पुन्हा मीटरपुढं उभी राहिली. पंधरा मिनिटं. दिवा लुकलुकला नाही. फेब्रुवारीचं बिल आलं ते ८८ चं आहे, कारण अर्धा महिना जुनाच गेला. मार्चचं पाहू.

बाजारातला तो पोरगा पुढच्या बाजाराला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मोबाईलवरून पैसे दिलेल्या बाईनं १९३० वर तक्रार नोंदवली, बाकी सहा जणींजवळ तर पावतीच नाही. गटाच्या बैठकीत मी तुमचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला, ५९४, ६३३ आणि ९९० चा. त्यानंतर अकरा बायांनी आपापल्या घरी मीटरपुढं उभं राहून पाहिलं. दोघींच्या घरी लुकलुकते. एकीचं मोटरच्या स्टार्टरजवळ निघालं, दुसरीचं अजून सापडलं नाही, तिचा नवरा वायरमनला बोलवायला पैसे नाही म्हणते. गटातून उचल द्यायचं ठरवून राहिलो.

सौरफिटर दादा, माझ्याकडं नवीन खोलीवर स्लॅब आहे, मोजली तर अकरा बाय दहा भरते. पश्चिमेला शेजाऱ्यांचा बाभूळ आहे, चार वाजल्यानंतर सावली येते. चालेल का?

---

सौरफिटर, अमरावती
२ मार्च २०२५

चालेल काकू. चारनंतरचे युनिट तसेही थोडेच असतात. फक्त मेमध्ये सावली कुठवर येते ते पाहून पॅनल पूर्वेच्या कडेला धरा. नवे दर यायचे आहेत, ते आले की आपण तुमचा हिशेब पुन्हा मांडू आणि मगच अर्ज करा. घाई नाही. आणि बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरत असाल तर एक टक्का सूट मिळते, कागदाच्या बिलाऐवजी ई-बिल घेतलं तरी सूट मिळते. तेवढं आजच सुरू करून टाका.

---

तारवाला बापू, पुसद
३ मार्च २०२५

ताई, त्या दुसऱ्या बाईच्या घरचे लुकलुकण्याचे सेकंद मला कळवा, आणि घरात कोणकोणती वायर कधी टाकली तेही. वायरमन येईपर्यंत रात्री झोपताना मेन बंद ठेवायला सांगा.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक छोटं बटण असते. महिन्यातून एकदा, बिल आलं की, ते दाबत जा. खटका पडला पाहिजे. ज्या दिवशी पडणार नाही त्याच दिवशी तो बदला. म्हशीला त्या खांबाजवळ आणखी काही दिवस ओढू नका, तिची तिला येऊ द्या.

---

शिलाईवाली ताई, दारव्हा तालुका
३ मार्च २०२५

आली बापू. आज सकाळी स्वतःहून आली. खांबाजवळच्या गव्हाणीत तोंड घालून उभी आहे.